अटक म्हणजे अपराध नव्हे!

बोईसर-तारापूर पट्ट्यात परदेशी स्थायिक होऊ इच्छिणारे तरुण आज शोधावे लागत नाहीत. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. चिंचणी, सातपाटी, केळवे, माहीम या किनाऱ्यावरच्या गावांतील वाडवळांची, भंडाऱ्यांची आणि मच्छीमारांची मुले, तसेच देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे नोकरीसाठी आलेल्यांची मुले या कारखान्यांच्या सावलीत शिकली. त्यांतील कित्येकजण आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा अमेरिका येथील कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करीत असतात. पदवी, अनुभव, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी अशी सारी दिव्ये पार पडली की एक प्रश्न त्यांच्यासमोर येऊन उभा राहतो. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? तुम्हांला कधी अटक झाली होती काय? ज्याच्या वाटेला पोलिसाचा पायरव कधी आला नाही, त्याला ‘नाही’ एवढे लिहावयास क्षणही लागत नाही. परंतु ज्याला ‘होय’ लिहावे लागते, तो अपराधीच असतो असे मानावयाचे काय? हा प्रश्न पालघरने विचारावा, याला मोठे सबळ कारण आहे.

नोव्हेंबर २०१२ मधील ती घटना वाचकांच्या स्मरणात असेल. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईचे सारे व्यवहार बंद राहिले. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना पसंतीची खूण केली. एवढ्यावरून जमाव चालून गेला. पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली आणि १९ नोव्हेंबरला पोलिसांनी त्या दोघींनाच अटक केली. प्रत्येकी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली, पोलिसांनीच प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि ते बंद झाले. या अटकेने व्यथित झालेली श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ न्यायालयाने घटनाबाह्य म्हणून रद्द ठरविले. ज्या कलमाखाली अटक झाली ते कलमच उरले नाही. तरीही पालघरच्या त्या दोघींसारख्या कोणा स्त्रीने उद्या अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी अर्ज केला, तर तिने काय लिहावे? त्या देशाच्या स्थलांतरितांच्या अर्जात अटक आणि शिक्षा या दोहोंविषयी एकाच वाक्यात विचारलेले असते, आणि नंतर माफी मिळाली असली तरी ते सांगितले पाहिजे अशी पुस्तीही जोडलेली असते. तिला ‘होय’ असेच लिहावे लागेल. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम पुसले, पण तिच्या अर्जावरील ‘होय’ कोणी पुसू शकत नाही!

आमचे भांडण परक्या सरकारांशी नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. आपल्या घरात कायमचे राहावयास कोण येतो आहे, याची चौकशी करण्याचा घरधन्याला पूर्ण अधिकार असतो. आपणही भाडेकरू ठेवताना ती करतोच. किंबहुना या देशांचे कायदे नीट वाचले तर अटक आणि अपराध यांतील भेद ते पुष्कळ कसोशीने पाळतात असे दिसून येते. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात चारित्र्याची जी कसोटी आहे, तिच्यात बारा महिने वा अधिक कारावासाची शिक्षा झाली असेल तर ‘मोठा गुन्हेगारी पूर्वेतिहास’ मानला जातो. तेथे मोजमाप शिक्षेचे आहे. कॅनडाच्या २००१ च्या कायद्यात परदेशातील अपराध कॅनडाच्या कायद्याच्या तराजूत तोलला जातो. तोच अपराध कॅनडात घडला असता तर कमाल दहा वर्षांची शिक्षा होऊ शकली असती काय, हे पाहून त्याला गंभीर ठरविले जाते. जी गोष्ट त्या देशात अपराधच नाही, तिच्याबद्दलची येथील शिक्षा त्या तराजूत भरत नाही. ज्या दोषसिद्धीचे पर्यवसान अखेर निर्दोष मुक्ततेत झाले, तिच्या आधारे प्रवेश नाकारता येत नाही. एखाद्या किरकोळ अपराधाला दहा वर्षे लोटली तर माणूस सुधारला असे गृहीत धरण्याचीही तरतूद तेथे आहे.

याच तराजूची दुसरी बाजू आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने लक्षात घ्यावयास हवी. दारू पिऊन मोटार चालविणे हा आपल्याकडे प्रतिष्ठितांचा लहानसा प्रमाद समजला जातो. डिसेंबरच्या अखेरीस दमणहून किंवा केळव्याच्या किनाऱ्यावरून परतणाऱ्या मोटारी महामार्गावर अडविल्या जातात, दुसऱ्या दिवशी मंडळी न्यायालयात गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि ‘प्रकरण मिटले’ म्हणून घरी येतात. प्रकरण मिटलेले नसते. गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धीच असते, आणि डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने या अपराधाची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेल्यामुळे तो तेथे गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात जाऊन बसला आहे. मोर्चात पकडल्या गेलेल्या मुलाकडे आपण संशयाने पाहतो आणि मद्यपान करून दुसऱ्याच्या जिवाशी खेळणाऱ्याकडे पाहून हसतो. चारित्र्य कशाला म्हणावे, याचा विचार आपणही एकदा करावयास हरकत नाही.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. परदेशी सरकारला चारित्र्याची ग्वाही हवी असते, ती देण्याचे काम भारतात पारपत्र कार्यालय करते. अर्जदाराने पाचशे रुपये शुल्क भरून अर्ज करावयाचा. जेथे चौकशीची गरज भासेल तेथे कागद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे आणि तेथून अर्जदार राहतो त्या पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्यातला एक शिपाई किंवा हवालदार नोंदी चाळतो, अर्जदाराला बोलावतो किंवा घरी येऊन जातो, आणि दोन-चार ओळींचा अहवाल पाठवितो. या माणसाविरुद्ध प्रतिकूल माहिती नाही, असा तो अहवाल आला तर दाखला मिळतो. प्रतिकूल आला तर दाखला अडतो. सहा वर्षांची नोकरी, बँकेचे कर्ज, इंग्रजीच्या परीक्षेतील गुण, हे सारे त्या दोन-चार ओळींवर तोललेले असते. अर्जाला परक्या सरकारने दिलेली मुदत मात्र थांबत नाही.

‘प्रतिकूल माहिती’ म्हणजे काय? येथेच सारा घोटाळा आहे. न्यायालयाने दोषी ठरविले, ही एक गोष्ट. खटला चालू आहे, ही दुसरी. तपास होऊन पुरावा मिळाला नाही म्हणून पोलिसांनी समरी अहवाल देऊन प्रकरण मिटविले, ही तिसरी. न्यायालयाने निर्दोष सोडले, ही चौथी. कायद्याच्या नजरेत या चार गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पोलीस ठाण्याच्या नोंदीत मात्र ‘गुन्हा दाखल’ हे दोन शब्द पहिल्या दिवशी ठळकपणे पडतात आणि पुढचा निकाल पुष्कळदा त्यांच्या शेजारी येऊन बसतच नाही. २००९ साली देशभरातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची योजना मंजूर झाली. आता एका ठाण्यातील नोंद दुसऱ्या राज्यातही दिसू शकते. नोंद खरी आणि पूर्ण असेल तर हा मोठा लाभ आहे. अपुरी असेल तर पूर्वी एका गावापुरता असलेला डाग आता देशभर दिसू लागतो, एवढाच फरक पडतो.

नोंद निकालाच्या किती मागे राहते, याचे उदाहरण पुन्हा त्याच कलमाने दिले आहे. २०१५ मध्ये रद्द झालेल्या ६६-अ कलमाखाली नंतरही गुन्हे दाखल होत राहिले, हे पाहून जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखविले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश त्याला पुन्हा द्यावा लागला. जेथे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठाण्यापर्यंत पोहोचण्यास सात वर्षे लागतात, तेथे पालघरच्या कनिष्ठ न्यायालयातील एका निर्दोष मुक्ततेची वार्ता ठाण्याच्या वहीपर्यंत केव्हा पोहोचावयाची?

पोलिसांच्या वहीतील नोंद आणि माणसाचे चारित्र्य एकच नव्हे, हे या गावाला कोणी शिकवावयास नको. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी व सुकुर मोरे हे पाच वीर धारातीर्थी पडले. त्यांच्या हौतात्म्याचा स्तंभ आज गावाच्या मध्यभागी उभा आहे. त्या दिवसाच्या सरकारी कागदांत ते कोण होते? बेकायदा जमावातले दंगेखोर! त्यांच्याबरोबर चालणारे जे वाचले, पकडले गेले, तुरुंगात गेले, त्यांच्या नावापुढे पोलिसांनी गुन्हेगार अशीच नोंद केली असणार. पुढे काळ उलटला. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली, तेव्हा किमान सहा महिन्यांचा कारावास ही पात्रतेची एक प्रमुख अट ठरली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या कागदाची लाज वाटावी अशी सरकारची अपेक्षा होती, तोच तुरुंगवासाचा कागद सन्मानासाठी सरकारदरबारी सादर करावा लागला.

आजच्या प्रत्येक आंदोलकाला आम्ही बेचाळीसच्या हुतात्म्यांच्या पंक्तीला बसवीत नाही. परंतु या जिल्ह्याचा स्वभाव आणि त्याचे प्रश्न ध्यानात घेतले पाहिजेत. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वाढवण बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध अनेक वर्षांचा आहे. रोज पहाटे गाडीला लोंबकळून मुंबई गाठणाऱ्या प्रवाशांचा संयम कधीमधी सुटतो आणि माणसे रुळांवर उतरतात. आंदोलन म्हटले की जमावबंदी मोडल्याचा, रस्ता अडविल्याचा गुन्हा ठरलेलाच. वडिलांच्या शेजारी घोषणा देत उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचे नावही त्या यादीत येते. राज्य सरकारे वेळोवेळी आंदोलनांतील खटले मागे घेण्याच्या घोषणा करतात. लोकांना वाटते, झाले, सुटलो! वास्तविक घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. ती तारीख येईपर्यंत खटला जिवंत असतो. दहा वर्षांनी रसायन अभियंता झालेला तोच मुलगा दाखला मागावयास जातो, तेव्हा तो खटला त्याच्या वाटेत आडवा येतो.

न्यायालयांनी या बाबतीत दाखविलेले तारतम्य शासनाने घेण्यासारखे आहे. दिल्ली पोलीस दलातील भरतीच्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणीच्या चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहण्यास सांगितले आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ वालजाँचे स्मरण करून दिले. भुकेल्यांसाठी पाव चोरल्याचा कलंक ज्याला जन्मभर चिकटला, तोच तो नायक. २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नोकरीपूर्व पडताळणीचे नियम घालून देताना, कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला असल्याचे सांगितले. आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॅनडाला जाऊ इच्छिणाऱ्या एका अर्जदाराच्या बाबतीत असे ठरविले की, केवळ गुन्हा प्रलंबित आहे म्हणून दाखला अडवू नये. त्या गुन्ह्याचा उल्लेख करून दाखला द्यावा, आणि काय तो निर्णय त्या देशाने घ्यावा. आमच्या मते हाच मार्ग सरळ आणि न्याय्य आहे. परदेश प्रवासाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, हे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, म्हणून तर त्याच वर्षी पारपत्राचा कायदा करावा लागला. तो हक्क हवालदाराच्या दोन ओळींवर टांगून ठेवता येणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. दाखले असे सढळ हाताने वाटले तर बँका बुडवून आणि खून पाडून लोक परदेशी निसटतील, मग फिर्यादीने न्याय कोणाकडे मागावा? हा धोका आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याला आवर घालण्याची साधने वेगळी आहेत. खटला चालू असलेल्याचे पारपत्र रोखण्याचा अधिकार पारपत्र कायद्याच्या सहाव्या कलमात आहे. त्याला देशाबाहेर जावयाचे तर १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणावी लागते. विमानतळावर अडविण्याची व्यवस्था आहेच. जेथे न्यायाधीश समोर बसून दोन्ही बाजू ऐकतो, तेथे हा प्रश्न सुटावा. चारित्र्याच्या दाखल्याने खरे तेवढे सांगावे. ज्याच्यावर गंभीर खटला आहे त्याच्याबद्दल तसे स्वच्छ लिहावे. ज्याला निर्दोष सोडले त्याच्याबद्दलही तितक्याच स्वच्छपणे लिहावे.

आणि हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या मूठभरांचाच आहे, असेही कोणी समजू नये. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या फाटकातून आत जावयाचे तर कंत्राटी कामगारालाही पोलिसांकडील पडताळणीचा कागद दाखवावा लागतो, आणि असल्या ठिकाणी तो मागणे योग्यच आहे. परंतु अभियंत्याचा दाखला अडला तर तो वकील गाठतो, उच्च न्यायालयात जातो. विक्रमगड-जव्हारच्या बाजूने मजुरीसाठी आलेल्या आदिवासी कामगाराचा कागद अडला तर तो गुपचूप दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन उभा राहतो. त्याच्याकडे निकालाची प्रत नसते. ती मागता येते हेही त्याला ठाऊक नसते. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार म्हणून वहीत चढविल्या होत्या. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये मोडीत काढला. वहीवरून माणूस ओळखण्याची ती खोड मात्र कायद्याबरोबर गेली, असे कोण म्हणू शकेल?

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. दाखल्यात दोषसिद्धी, प्रलंबित खटला आणि संपलेले प्रकरण यांची सरमिसळ करू नये. खटला प्रलंबित असेल तर कलम, न्यायालय आणि खटल्याची स्थिती नमूद करून दाखला द्यावा. निर्दोष मुक्तता, समरी अहवालाची मंजुरी किंवा खटला मागे घेतल्याचा आदेश झाला की ठरावीक दिवसांत त्याची नोंद पोलीस ठाण्याच्या दप्तरात आणि संगणकात झालीच पाहिजे, आणि संबंधिताला त्याची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. प्रतिकूल अहवाल पाठविण्यापूर्वी अर्जदाराला कारण लेखी कळवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. बालवयातील अपराधामुळे पुढे कोणतीही अपात्रता येऊ नये आणि त्याच्या नोंदी नष्ट कराव्यात, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. अत्यंत घोर अपराधांचा अपवाद सोडला तर ते अक्षरशः पाळावे. आणि आंदोलनांतील खटले मागे घ्यावयाचे असतील तर ते सभेत मागे न घेता न्यायालयात मागे घ्यावेत! २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तो प्रशासन लोकांच्या दाराशी यावे म्हणून. एवढे काम या जिल्ह्याने स्वतःहून करून दाखविले तर ते राज्याला उदाहरण होईल.

अर्जदार तरुणांनाही दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ‘जुनी गोष्ट आहे, लिहू नका, कोणाला कळते?’ असा सल्ला देणारे दलाल गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या नादी लागू नका. जुना क्षुल्लक गुन्हा कदाचित माफ होईल, पण लपवाछपवी माफ होत नाही. कॅनडात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे दार बंद होते. प्रश्न नीट वाचा. शिक्षेविषयी विचारले आहे की अटकेविषयी, हे पाहा, आणि जे विचारले त्याचे खरे उत्तर द्या. निकालाची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवा. खटला संपला त्या दिवशी ती न घेता घरी येणे म्हणजे जिंकलेली लढाई कागदावर हरणे आहे.

‘होय, मला अटक झाली होती’ असे लिहिण्याची पाळी पालघरच्या निरपराध नागरिकावर पुन्हा येऊ शकेल. त्या वेळी त्याच्या हातात आपल्याच देशाने दिलेला दुसरा एक कागद असला पाहिजे. त्याने अपराध केला नव्हता, असे त्यावर स्वच्छ लिहिलेले असावे. तेवढा कागद देणे सरकारला अवघड नाही. ज्याला विनाकारण पकडले, त्याचे ते सरकारवरचे देणेच आहे.